रॉकरच्या टोकावरचा खळगा

मंगळवार, संध्याकाळ

जुन्या गाडीचे इंजिन नव्याने बांधून महिनाही झाला नाही, तरी वरून टकटक येतेच आहे. आज झाकण उघडले. वाल्व दाबणाऱ्या रॉकरखाली फीलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पातळ पत्ती सरकवली. अंतर अगदी बरोबर. मग आवाज कसला? रॉकर काढून टोकावरून नख फिरवले. खळगा! सपाट पत्ती खळग्याच्या दोन्ही काठांवर टेकते, आत शिरत नाही. म्हणून माप बरोबर दिसते आणि खरे अंतर जास्तच असते. किती सुंदर गोष्ट आहे ही! वर्गात मी ती दरवर्षी फळ्यावर काढून दाखवत असे. पहिल्या बाकावर प्रमोद असायचा.

'सगळे रॉकर नवे टाकले, सर,' असे सांगून गाडी परत देणाराही तोच. पांढरकवड्याला त्याच्या गॅरेजवर फोन केला.

"जुनेच पुसून बसवलेस ना रे?"

तो म्हणाला, "नवे भेटलेच नाही, सर. मले वाटलं, तुम्ही पत्ती टाकून पाहान अन् तुमचं समाधान होऊन जाईन."

मिळाले नाहीत, एवढे सांगितले असते तर मी वाट पाहिली असती. त्याला खळगा दिसलाच नसेल, असे तरी कसे मानू? पत्ती काय लपवते, हे त्याला मीच शिकवले.