नऊ चिलटं

निपाणी, ता. ६ मार्च १९३८

तीर्थस्वरूप आक्कास,
रघुवीरचा कृ. सा. न. वि. वि.

तुझी वही आणि रिकाम्या बाटल्या मोटारीवरच्या भरमू ड्रायव्हरनं गेल्या आठवड्यात शाळेत आणून दिल्या. वर सासूबाईंचा निरोपही सगळ्या मास्तरांसमोर सांगितला, की लोकांचे भाऊ बहिणीला लुगडं धाडतात आणि आमच्या सुनेचा भाऊ चिलटं धाडतोय. मंडळी पोट धरून हसली.

काय करू? इथं तंबाखूचा हंगाम. वखारींतून असा तिखट खाट उठतो की माणसाला शिंका आवरत नाहीत, तिथं चिलटाला केळ्याचा वास कुठून लागायचा? आणि माझं कोडं तर वासाचंच. चिलट पिकल्या केळ्याकडं वळतं ते डोक्यावरच्या दोन मिशांतल्या मज्जातंतूंमुळं का? तुटलेला रेशमी धागा दिसणार नाही असा सांधणारी तू, म्हणून भिंगाखाली मिशा कापायचं काम तुझ्या गळ्यात घातलं.

तुझ्या वहीप्रमाणं मिशा असलेल्या शंभरांतली एक्क्याऐंशी केळ्यावर गेली, मिशा काढलेल्यांतलं एकही नाही! मी म्हटलं होतं तस्संच. निबंध पुण्याच्या प्राध्यापकांना धाडला आहे. त्यांच्या मनास आला तर जूनपासून त्यांच्या हाताखाली संशोधनाची जागा मिळेल आणि ही मास्तरकी सुटेल. दाजींना नमस्कार. धाकट्यावर कृपा असू दे.

तुझा
रघुवीर


शहापूर, ता. ११ मार्च १९३८

चि. रघुवीर यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून घरात सगळे हसले. मला हसू आलं नाही.

बाळा, ते शून्य खोटं आहे. मिशा काढलेल्या शंभरांतली नऊ चिलटं केळ्यावर गेली होती. पहिलं गेलं तेव्हा वाटलं, माझ्याच हातून मिशीचा बुडखा राहिला असणार. भिंगाखाली धरून पाहिलं तर डोकं साफ होतं. तरी लिहिलं नाही. तू आधीच कळवलं होतंस, की एकही जाणार नाही आणि आक्काचा हात चुकणार नाही.

मागावर धागा तुटला तर आम्ही गावभर सांगतो का? गुपचूप सांधतो, वरून बोट फिरवतो, दुकानात घडी उलगडल्यावर कुणाला खोट दिसत नाही. तीच सवय नडली. नऊ पुसून शून्य लिहिलं आणि भावाचं काम नीट झालं म्हणून खुशीत स्वयंपाकाला लागले.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, नऊ चिलटांनी काय होतंय, गप ऱ्हा, पोराचं चांगलं व्हायलंय ते होऊ दे. पण मला ते पटत नाही. मला काय बोलायचं ते बोल, पण पुण्याला खरं कळव. आक्कावरची माया तेवढी तोडू नकोस.

आक्का


निपाणी, ता. २ एप्रिल १९३८

तीर्थस्वरूप आक्कास,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी नऊ दिवस ट्रंकेत कपड्यांखाली दडवून ठेवलं होतं. आधी तुझा भयंकर राग आला. त्यात पुण्याहून जागा पक्की झाल्याचं कार्ड आलं, मग दाजींचंच म्हणणं पटायला लागलं. हे लिहिताना लाज वाटते.

दहाव्या दिवशी, दुरुस्ती करायची झाली तर कुठं करावी म्हणून निबंधाची नक्कल काढली. त्यात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, की मिशा मी स्वतः कापल्या आणि मोजणी मी स्वतः केली. आक्का, तू नऊ चिलटं पुसलीस. मी तर सबंध आक्काच पुसली.

पुण्याला दोन्ही गोष्टी कळवल्या. जागा दुसऱ्याला दिली असं उत्तर आलं. चूक त्यांची नाही. खाली त्यांनी विचारलंय, की मग त्या नऊ चिलटांना वास कशानं लागला? तोंडाजवळ आणखी दोन बारीक बोंडं असतात, वास त्यांनाही लागत असेल, तर तीही काढून पाहावीत, आणि ज्या बाईंनी आधी कापलं त्यांनीच कापावं.

भरमूबरोबर बाटल्या धाडतोय. करशील का? या वेळी वहीखाली तुझी सही हवी. अपराधी भावाला पदराखाली घे.

तुझा
रघुवीर


शहापूर, ता. १४ एप्रिल १९३८

चि. रघुवीर यास अनेक आशीर्वाद.

तुझी जागा माझ्यामुळं गेली. तू नाही म्हणशील, पण मागापाशी बसले की तेच मनात येतं. एवढी वर्षं धागे सांधले, हे काही सांधता येत नाही.

वही धाडते आहे. नुसत्या मिशा काढलेल्या शंभरांतली अकरा गेली. मिशा आणि बोंडं दोन्ही काढलेली शंभर सोडली आणि दुपारपर्यंत केळ्यावरची नजर हलवली नाही. एक तरी यावं असं फार वाटत होतं. आलं असतं तर निदान एक लिहिता आलं असतं. शेवटी सासूबाईंना बोलावून पाहायला लावलं. पदरानं भिंग पुसून त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, एक बी न्हाय गं.

रकान्यात शून्य लिहिताना हात अडला. माझं शून्य आता कोण खरं मानणार? तरी लिहिलं, खाली जयाबाई अशी सही केली. सासूबाई बघत होत्या. त्यांनी दौतीत अंगठा बुडवला आणि माझ्या नावाशेजारी उठवला.

होती ती माया राहू दे.

तुझी
आक्का