पिल्लाला घातलेले मोठे रातकिडे

अहो,

लेकीचं सरड्याचं पिल्लू घेऊन मी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे निघाले आहे. सकाळी काचेच्या पेटीवरचं फडकं काढलं तर काय, हे एवढे जाडजूड रातकिडे अंगावर चढून त्याची शेपटी कुरतडत होते! पिल्लू जिवंत आहे, पण डोळे उघडत नाही.

बाई फोनवर ओरडल्याच, "अहो ताई, किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको! आणि उरलेले रात्रभर पेटीत ठेवतात का कोणी?" मी म्हटलं, मी घातलेच नाहीत. मग घरात उरलं कोण?

मला धक्का बसलाय तो त्याचाच जास्त. लेक भांडून गेल्यापासून "ती पाल माझ्यासमोर नको" म्हणणारे तुम्ही, गुपचूप दुकानात जाऊन निवडून सगळ्यात मोठे किडे आणलेत! तिच्या ताटातही असंच नको नको म्हणेपर्यंत वाढायचात.

रागावले नाहीये. पण लेकीला फोन तुम्हीच करा. काय बोलावं सुचलं नाही, तर पिल्लाला कोणते किडे चालतात, तेवढंच विचारा.