रस्त्याकडचं चाक

आळेफाटा,
८ फेब्रुवारी २००४

प्रिय कुशाबा,

‘प्रिय’ लिहायला हात धजत नव्हता. पत्राची रीत आहे म्हणून लिहिलं, त्यावरून मी विरघळलो असं समजू नकोस. तेरा वर्षांत माझ्या वर्कशॉपमध्ये कुणी तुझं नाव काढलं की मी हातातला पाना आपटला आहे. तुझ्या घरात माझी सख्खी बहीण नांदते, म्हणून फाडण्याआधी निदान ठकूबाईला हे वाचून दाखवशील, एवढीच आशा. तेरा भाऊबीजा झाल्या. ती आली नाही आणि मीही बोलावलं नाही.

बातमी अशी की, फतेचंद शेठची डॉज गाडी परत माझ्या दारात उभी आहे. तीच काळी, जी बेल्ह्याच्या पेठेत शिरली की लोक हातातलं टाकून बघत राहायचे. शेठ गेल्या वर्षी वारले. ते होते तोवर त्यांनी गाडीच्या शेडचं कुलूप कुणाला काढू दिलं नाही. आता त्यांच्या अंकितला ती पहिल्यासारखी करून हवी आहे. मागच्या चाकांचे दोन्ही एक्सल काढायचे, पुण्याला पाठवून नव्याने भरून, घासून आणायचे. शेठाणी उगमबाई रोज त्याच्याबरोबर येतात आणि काठी मांडीवर आडवी ठेवून समोर बसतात. त्या काठीकडे बघितलं की तुझा राग नव्याने यायचा.

कारण विसरता आलं असतं तर बरं झालं असतं. उतारावर डावं मागचं चाक निघून पळालं, गाडी कलंडली आणि बाईंचा खुबा मोडला. नटाला स्प्लिट पिन नव्हती. बोटभर तार ती, पण नसली की नट आपसूक सैल होतो. आदल्याच दिवशी आपण दोघांनी दोन्ही बाजूंच्या बेरिंगा बदलल्या होत्या. आपण डावं-उजवं कधी म्हटलंच नाही. गाडी तोंड आत करून लागायची, तेव्हा विहिरीकडचं चाक, म्हणजे डावं, तुझं आणि रस्त्याकडचं माझं. ज्याने एक्सल बसवला त्यानेच नट आवळायचा, पिन घालायची. बसवण्याआधी एक्सलच्या आतल्या टोकावर पंच मारून खूण करायची, माझा एक ठिपका आणि तुझे दोन. कामाला बाप पाहिजे, असं तूच म्हणायचास.

मग चार माणसांसमोर मी म्हणालो की चूक कुशाबाची. तू एवढंच बोललास, “एक्सल भाईर काढ, खूण बघ, मंग बोल.” मी म्हणालो, “बघायचं काय त्यात? डावं चाक तुझं न्हाई तर कुणाचं?” तू हात पुसलेस, ठकूला घेतलंस आणि लोणीला जाऊन गिरणीत बसलास. तालुक्यात तुझ्यासारखा हात नव्हता आणि तू पीठ उडवत बसलास! याचाच मला जास्त राग आहे. भांडायचं होतंस, माझी गचांडी धरायची होतीस. गप्प बसणारा माणूस समोरच्याला आयुष्यभर खरा ठरवून जातो.

चार दिवसांपूर्वी आधी उजवं चाक उघडलं. चाकाचा हब एक्सलवर असा धरून बसला होता की दोन दिवस ओढून काढायचा पुलर लावून ताणून ठेवला, डिझेल पाजलं, तरी हालेना. पुलर लावायच्या आधी नट काढतानाच माझं डोकं फिरलं होतं. पिन जागच्या जागी होती, एक पाय वर दुमडलेला, एक खाली. मी दोन्ही पाय कापून टाकतो. वर-खाली दुमडणारा तू. माझ्या चाकात तुझी पिन कशी? मी मनात तुला शिवी हासडली आणि कामाला लागलो.

उगमबाई बघत होत्या. सहज म्हणाल्या, “गेणभाऊ, आज गाडी सरळ लावली व्हय? त्या टायमाला, बेरिंगा बदलल्या तवा, उलटी लावली व्हती, डिकीतलं सामान उतरवायचं व्हतं म्हणून.” कुशाबा, माझ्या हातातला हातोडा खाली गेला तो माझ्याच पायावर. गाडी उलटी, म्हणजे डावं चाक रस्त्याकडे, माझ्या बाजूला. तरी मी मानलं नाही. डावा एक्सल ओढून बाहेर काढला, आतल्या टोकाच्या दातांजवळचं काळं तेल फडक्याने पुसलं. एकच ठिपका. मी पुन्हा पुसलं. दुसरा असेल म्हणून नखाने खरवडलं. एकच होता.

बाई समोर बसल्या होत्या. फडकं गुंडाळून एक्सल बाजूला ठेवला आणि चहा सांगितला.

आता हे पत्र का, ते ऐक. माफीसाठी नाही, तेरा वर्षांची माफी मागायला माझ्याकडे तोंड नाही, आणि तू दिलीस तर मला तुझा आणखी राग येईल. येत्या गुरुवारी एक्सल पुण्याला लेथवर जातो. दातांची बाजू झिजली आहे, ती घासून काढणार आहेत. त्याबरोबर ठिपकाही जाईल. मग ते मला एकट्यालाच ठाऊक राहील आणि मी स्वतःला ओळखतो, मी गप्प बसेन. म्हणून मी हे कागदावर लिहून तुझ्या हातात देतोय, आता मला मागे फिरता येणार नाही. बुधवारी ठकूला घेऊन ये. उगमबाईंसमोर एक्सल मी तुझ्या हातात देतो, खूण तू वाच. नाही आलास तर मी बोलेनच, याचा भरवसा धरू नकोस.

तुझाच,
रस्त्याकडचा
गेणभाऊ