काळ्या ब्लँकेटचा खुलासा

ती. ताईस,

धाकट्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. मी जिवंत आहे, हे आधीच लिहितो, म्हणजे पुढचं स्वस्थपणे वाचशील. तुझे गुडघे कसे आहेत? खोकला गेला का? (फोनवर विचारलं असतं, पण आपण दोघंही नुसतं "काय? काय?" करत बसतो.)

तर सोमवारी सूनबाईने गच्चीवर काळं ब्लँकेट वाळत घातलं. तिचा दोष नाही. ती लढाई न झालेल्या गावची. पूल उडवला तेव्हा तू नदीपलीकडे सासरी, आम्ही अलीकडे. मग गच्चीवर पांढरी चादर म्हणजे सगळे सुखरूप आणि काळं म्हणजे घरातलं कोणी गेलं, ही दोन्ही काठांची खूण तिला पुरती कुठून ठाऊक? पांढरीचं मी तिला सांगितलं होतं. काळ्याचं सांगितलं नव्हतं, उगाच अशुभ कशाला बोला. दोन्ही काठांवर रंगीत कपडे अजून घरातच वाळतात, तेही तिला आम्ही सगळे जरा विक्षिप्त आहोत म्हणूनच वाटायचं. लढाईने आपल्याला असल्याच सवयी दिल्या. (माझा भागाकारही तिनेच नेला. मास्तर शिकवायला लागले आणि शाळेवर बॉम्ब पडला.)

दुपारपर्यंत आमच्या दारात ही गर्दी. पेन्शनीतले हवालदार आले, मला पाहून जरा हिरमुसलेच. भाषण तयार करून आले होते. तुमच्या काठावरून लोक पूल ओलांडून आले. तुमचा सुतार तिरडीच्या मापाला टेप घेऊन आला. दार मीच उघडलं. "उंची किती होती हो?" म्हणाला. मी सांगितली. ती त्याने लिहून घेतली आणि मग वर पाहिलं. सूनबाई रडायला लागली, तिची समजूत घालता घालता सगळ्यांना चहा मीच केला.

सगळे आले ताई, तू आली नाहीस.

सुताराला तुझं विचारलं. म्हणाला, "बऱ्या असतील की, चादर असते ना रोज." म्हणजे तोही चादरच बघतो. तेव्हापासून मला घास जात नाही. तू रागावली आहेस का? का आजारी आहेस? का धाकटा भाऊ गेला तरी बसून राहिलीस? मी तर तुझी चादर रोज सकाळी पाहतो, मगच चूळ भरतो.

पत्र सुताराच्याच हाती देतो आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. रोज पाहतो असं वर लिहिलं, ते तितकंसं खरं नाही. गेली काही वर्षं मला पलीकडचा काठच दिसत नाही. सूनबाई सांगते, "पांढरी आहे, मामंजी." ती मायाळू आहे, त्यामुळे तिचा भरवसा धरवत नाही. तुलाही आमची गच्ची दिसेनाशी झाली आहे का? तुलाही कोणी नुसतं "पांढरी आहे" म्हणतं का? तसं असेल तर मला फार बरं वाटेल.

आणखी ता. क. उद्या चादर घालू नकोस. सकाळी पुलावर ये. दोनदा उडालेल्या पुलावर मी पाय ठेवत नाही, तुला माहीत आहे. पहिल्या खांबापर्यंत येईन. नाही, मधोमध येतो. तुला चालवत नसेल तर सूनबाईचा हात धरून पार तुझ्या दारापर्यंत येतो. फक्त लांबूनच हाक मारत राहा, म्हणजे तूच आहेस हे मला कळेल.