संध्याकाळच्या घंटेवर मारलेला गोल

बाबा, परवा आपल्या चर्चच्या मैदानावर एक गोल झाला, आणि तेव्हापासून तुमच्याशी बोलल्यावाचून चैन पडत नाही. मैदान तुम्हाला ओळखता येणार नाही. भाताच्या खाचरांच्या जागी आता माती दाबून सपाट केली आहे, गोलच्या खांबांना खरीखुरी जाळी आहे, आणि पाहायला आलेल्यांपैकी निम्मे लोक फोन डोळ्यांसमोर धरून उभे असतात. कॉलेजच्या मुलींची फायनल होती. हो, मुलींची. तुमची पणती खेळते. आचोळ्याच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, भाताचं रोप आणि गवत यांतला फरक न कळणारी पोर, पण पायात बॉल आला की तुमच्यासारखीच मान किंचित डावीकडे झुकवते. मॅच ठरवणाऱ्यांवर मी आधीपासूनच भडकले होते. उशिरा सुरू करून ती थेट संध्याकाळच्या प्रार्थनेच्या घंटेपर्यंत रेटायची, याला काय म्हणायचं? एका तरुण आयोजकाला मी तसं सुनावलंही. तो म्हणाला, "आंटी, घंटा काय, दोन मिनिटांची तर असते." मी म्हटलं, "दोन मिनिटं कमी वाटत असतील तर तेवढा वेळ श्वास रोखून दाखव." शेजारच्या बायका हसल्या. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. आता ते वाक्य आठवलं की कानशिलं तापतात.

दोन्हीकडे एकेक गोल होता. रेफरी मुंबईचा, सारखा घड्याळ बघणारा. समोरच्या संघाची गोलकीपर पाचूबंदरची कोळ्यांची मुलगी, उंच, काटक, ओरडून ओरडून घसा बसलेला. सबंध मॅचभर तिने आमच्या पोरींना जवळ फिरकू दिलं नव्हतं. अगदी शेवटी त्यांच्यापैकी कुणीतरी बॉल लांब उडवला आणि तो मैदानाच्या मध्यावर नेमका आपल्या पोरीच्या पायाशी येऊन थांबला. त्याच वेळी घंटा सुरू झाली. बाबा, अजूनही या मैदानावर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. म्हातारी माणसं खुर्च्यांवरून उठली. पाचूबंदरच्या दोनतीन पोरी जागच्या जागी थबकल्या. आणि ती गोलकीपर, चर्च तिच्या गोलच्या मागे असल्यामुळे, आमच्याकडे पाठ करून वळली आणि त्या जाडजूड हातमोज्यानेच क्रुसाची खूण करू लागली.

आपली पोर बॉलवर पाय ठेवून उभी. तीही थांबली होती, हे कुणाच्याही व्हिडिओत दिसत नाही. घंटेला थांबायचं असतं हे तिला माहीत होतं, कारण तुमची गोष्ट मीच तिला सांगितली आहे. तिने दोरीपलीकडे माझ्याकडे पाहिलं. सवयीने माझाही हात कपाळापर्यंत गेला होता. तो तिथेच राहिला, आणि मी ओरडले, "बघतेस काय, मार गो!"

तिने मारला. मध्यावरून. बॉल इतका उंच गेला की क्षणभर चर्चच्या क्रुसाजवळ दिसला, मग त्या मुलीच्या डोक्यावरून गोलमध्ये पडला. तिला तो दिसला तो जाळीत. शिट्टी वाजली, पोरी एकमेकींच्या अंगावर पडल्या, माणसं नाचली. घंटा अजून वाजतच होती.

तुमची गोष्ट मी घरात नेहमी विनोद म्हणून सांगत आले. कापणी झालेल्या खाचरात मॅच आहे, तुम्ही गोलमध्ये उभे, घंटा होते, तुम्ही टोपी काढून चर्चकडे तोंड करता आणि शेजारगावचा एक जण तुमच्या बाजूने आरामात बॉल आत ढकलतो. आपण हरलो. गाव तुम्हाला काही बोललं नाही. बोलले ती मी, कॉन्व्हेंटची शहाणी. स्वयंपाकघरात तुम्ही पाय धूत होता आणि मी म्हटलं, "सिस्टर म्हणतात, देवाने डोकं वापरायला दिलंय." आईने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. तुम्ही मात्र रागावला नाहीत. पंचाने पाय पुसत म्हणालात, "त्याला घंटा ऐकू गेली नसेल गो." एवढंच. मला तेव्हा वाटलं, हा माणूस भोळा नाही, बावळट आहे. तुमच्या पणतीलाही मी तसंच सांगितलं.

मॅच संपल्यावर मी पाण्याच्या पिंपाशी गेले तर तिथे त्या गोलकीपरची आई. मासळीची टोपली विकून तशीच आलेली, कमरेला पदर खोचलेला. मुलगी जमिनीवर बसून हातमोजे काढत होती आणि तिच्याच संघातली एक पोर तिला म्हणत होती, "अजून प्रार्थना कर, दुसराही खाऊया." आईने त्या पोरीला झापलं, "तू गप, पानी दे तिला." मग माझ्याकडे वळून, मी कोण हे ओळखून, उलट माझीच समजूत घालावी तशी म्हणाली, "तुमच्या पोरीला ऐकाला नाय आलं आसंल, बाय. शेरात कुठं घंटा आसते?"

मी आयुष्यभर ऑफिसात साहेबांनाही तोंडावर खरं सुनावलं. तिथे मी म्हटलं, "हो ना. नसेल आलं."

आता तो व्हिडिओ सगळीकडे फिरतो आहे. कुणी लिहितं, देवाने गोल दिला. कुणी त्या मुलीला हसतं, आणि माझा संताप होतो, हात शिवशिवतात उत्तर लिहायला, पण मग लिहायचं काय? काल रात्री जेवताना आपली पोर भातात बोटं फिरवत म्हणाली, "आजी, तू बोलली म्हणून मारला मी. मी थांबणार होते." मी म्हटलं, "खेळात चालतं." ती म्हणाली, "मग पणजोबा येडेच होते ना?" तिला उत्तर हवं होतं. मी तिच्या ताटात आणखी कालवण वाढलं.

रविवारी चर्चमधल्या मिसानंतर नेहमीसारखी फुलं घेऊन तुमच्या थडग्याशी येईन. हे सगळं लिहिलेला कागद बरोबर आणणार नाही. घरी ठेवला तर पोरीच्या हाती लागेल, म्हणून ठेवणारही नाही. तिला जे सांगायचं ते तोंडाने सांगेन, आणि जमलं तर पाचूबंदरलाही जाईन. जमेलच असं म्हणत नाही, तुम्ही मला ओळखता. तुम्ही असता तर पाय पुसत माझ्याबद्दलही तेच म्हणाला असता, हे मला माहीत आहे.

पण बाबा, मला ऐकू आली होती.