दमूताईचे गंगावन

रत्नागिरी, ता. ८ जानेवारी १९३४

ती. चिंतामणराव यांस,
सा. न. वि. वि.
आपली पत्नी, माझी दमूताई, हिचे फेफरे ब्रोमाईडने थांबले नाही, ल्युमिनलच्या गोळ्यांनीही नाही. परवा चुलीपुढे झटका आला व उजवा हात भाजला. लहानपणी तिचे डोके विहिरीच्या जांभ्या दगडाच्या कठड्यावर आपटले होते. तिथले खचलेले हाड मेंदूला टोचते, ते मुंबईचे सर्जन काढतील, असे डॉक्टर म्हणतात. जिवाला धोका आहे. न केल्यास अधिक आहे. नवऱ्याची लेखी संमती हवी. डोके पूर्ण भादरावे लागेल, हे लपवीत नाही. ताई एवढेच विचारते, की बरी झाल्यावर सावर्ड्याला नेणार ना?
उत्तराची वाट पाहतो. लोभ राहू द्यावा.
श्याम

सावर्डे, ता. १५ जानेवारी १९३४

चि. श्याम यास अ. आ. वि. वि.
पत्र काय, परीक्षेचा पेपरच! आई म्हणते, मुलगा जिवंत असताना सून विधवेसारखी सोवळी करायची म्हणजे त्याचे मरण बोलावणेच. कशीबशी समजूत काढली. केस वाढेपर्यंत दमयंती गंगावन लावील. संमती सोबत आहे. झटके थांबले की न्यायला येतो. फणसपोळी तयार ठेव, मेहुण्याला रिकामा धाडू नकोस.
लोभ आहेच.
चिंतामणी

मुंबई, ता. २ एप्रिल १९३४

ती. चिंतामणराव यांस सा. न. वि. वि.
ताई वाचली. शस्त्रक्रियेनंतर महिना गेला, एकही झटका नाही. जीभ थोडी जड झाली आहे. 'सावर्डे' म्हणताना अडखळते, म्हणून तेच घोकत बसते. न्हाव्याला मी आधी वेणी घालून मग कापायला लावले. ती वेणी रिठ्याने धुऊन, सावलीत वाळवून पार्सलाने पाठवली आहे. ताईच्या सासूबाईंनी तिचेच गंगावन करवून ठेवावे; ताई घरात शिरेल तेव्हा तिचे केस तिच्या डोक्यावर असतील. आम्ही उद्या रत्नागिरीस निघतो. न्यायला कधी येता?
लोभ वाढावा.
श्याम

सावर्डे, ता. २६ मे १९३४

चि. श्याम यास अ. आ. वि. वि.
वेणी पोचली. डोके भादरलेली सून देवघरात कशी घ्यायची, यावर आईने तोड काढली. गेल्या आठवड्यात माझे लग्न झाले. मुलगी अंजनवेलची, नाव लीला. केस अगदीच विरळ, पण तुझ्या गंगावनाने मंडपात शोभा आली. केसांना काही दोष नसतो, असे आई म्हणते. झटके थांबल्याचे ऐकून आम्हां सर्वांस आनंद झाला, दमयंतीला कळव.
लोभ कमी करू नये.
चिंतामणी

रत्नागिरी, ता. ३ जून १९३४

चिंतामणराव यांस,
पत्र पोचले. ताईला अजून वाचून दाखवलेले नाही. फणसपोळी तिने स्वतः वाळत घातली आहे. आज ती 'सावर्डे' न अडखळता म्हणाली.
लोभ मागत नाही.
श्याम