बाहेरची कडी

सोमवार, ९ तारीख
पोचले एकदाची. या ओसाड गावाचा इतिहास लिहायचं काम मला मिळालंय. नवरा म्हणाला, तुझ्या बडबडीला हेच गाव बरं, वैतागून उठून जायला कुणी शिल्लकच नाही. मोबाइलला रेंज नाही, म्हणजे साहेबांचे फोन नाहीत. सुंठीवाचून खोकला गेला. एकोणतीस घरं टेपने आतून-बाहेरून मोजायची, मुक्काम पहिल्या घरात. शुक्रवारी जीपवाले काका न्यायला येतील. शनिवारी लेकीचं टॉन्सिलचं ऑपरेशन आहे. गुंगीचं औषध देताना हात धरून बसेन, असं तिला कबूल केलंय.

काकांचे आजोबा इथलेच. निघताना काका म्हणाले, ताई, बाहेरून कडी असलेल्या घरातून हाक आली तर ओ देऊ नका, आमच्यात कुणी देत नाही. मला हसू आलं.

मंगळवार, १०
अकरा घरं झाली. खिडक्या नाहीत, नुसते वीतभर झरोके. सगळ्या दारांना बाहेरून कड्या, आतल्या काढून टाकलेल्या. माझ्याही दाराची. जसं सापडलं तसं ठेवायचं हा आमच्या कामाचा नियम, म्हणून मोजून झालं की मी कडी परत लावते. दारांवर आतून ओरखडे आहेत. उंदीर असतील.

बुधवार, ११
उंदीर नव्हेत. शाळेच्या कपाटात मास्तरांची वही सापडली. साथ आली आणि गाव एका दिवसात उठलं. आजारी माणसं मागून येऊ नयेत म्हणून त्यांना घरात ठेवून बाहेरून कड्या घातल्या. हाका वेशीपर्यंत ऐकू येत होत्या. त्यात मास्तरांची आईही होती.

मला रडू आलं. आणि काल मी त्या कड्या पुन्हा लावल्या होत्या. दुपारी जाऊन सगळ्या उघडल्या.

गुरुवार, १२
सकाळी धुळीत अनवाणी पावलं. प्रत्येक दारातून निघालेली, माझ्या दारापर्यंत आलेली. परत गेलेली नाहीत. भीती वाटते. सामान बांधलंय. उद्या काका —

दुपार. कडी वाजली. बाहेरून.

शुक्रवार
दार हलत नाही. नखं गेली. ओरडून घसा बसलाय, माझा आवाज मलाच ओळखू येत नाही —

जीप. झरोक्यातून दिसतात काका. दारापाशी आले. मी हाक मारली, मी आहे, काका, मी —

कडीकडे बघतायत. कानांवर हात ठेवले. मागे सरकतायत —

काका, उद्या तिचा हात मी